स्लो कुकरमधलं कोक-ओ-व्हँ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाल वाईनमधलं हे फ्रेंच चिकन स्लो कुकरमध्ये करताना लोक जिथे जिथे अडतात, ते प्रश्न इथे एका जागी आणले आहेत. घाई असेल तर २ आणि ३ वाचून कामाला लागा. बाकीचे अडेल तेव्हा बघा.

१. कोक-ओ-व्हँ म्हणजे वाईन घातलेला चिकनचा रस्साच ना?

रस्साच, पण भलताच वेळखाऊ. वय झालेल्या कोंबड्याचं मांस भाजून खाल्लं तर दात दुखतात. म्हणून फ्रेंच गावांमध्ये तो लाल वाईनमध्ये मुरवायचा, मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचा आणि सोबत खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे, छोटे कांदे आणि मशरूम घालायचे, अशी ही युक्ती. रस दाट करायला त्याच कोंबड्याचं रक्त वापरत. आता बहुतेक घरांत लोणी आणि मैदा असतो. पदार्थावर नाव फ्रान्समधल्या बर्गंडी भागाचं लागलं असलं तरी ओव्हेर्न्य भागाचे लोकही तो आपलाच म्हणतात आणि तिकडची शांतुर्ग वाईन घालतात. गॉल लोकांनी (म्हणजे आजच्या फ्रान्सच्या प्राचीन रहिवाशांनी) ज्यूलियस सीझरला कोंबडा पाठवला आणि त्याने तो वाईनमध्ये शिजवून परत त्यांनाच वाढला, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. ती दंतकथा म्हणून वाचावी. यात क्रीम नाही, टोमॅटोची ग्रेव्ही नाही आणि मसाला तर नाहीच.

२. सगळं एकदम टाकून बटण दाबलं तर नाही का चालणार? स्लो कुकर त्यासाठीच तर घेतला!

चिकन शिजेल, कोक-ओ-व्हँ होणार नाही. स्लो कुकरला एकच काम येतं आणि ते तो फार छान करतो: झाकणाखाली हळूहळू मऊ शिजवणं. दोन कामं त्याला येत नाहीत. पहिलं, खरपूस परतणं. दुसरं, आटवणं. झाकणाला लागलेल्या वाफेचं पाणी होऊन परत भांड्यातच पडतं, वर चिकनचं पाणी सुटतं, त्यामुळे पाच तासांनी रस घातला होता त्याहून जास्तच भरतो. गॅसवर उघड्या पातेल्यात जी वाईन आपोआप अर्धी होते, ती इथे जशीच्या तशी राहते. बाटली सरळ ओतलीत तर शेवटी उकडलेलं चिकन आणि दारूचा भपका येणारं आंबट जांभळं पाणी हाती लागतं.

तेव्हा सुरुवातीला गॅसपाशी पाऊण तास आणि शेवटी अर्धा तास उभं राहावंच लागतं. मधले चार-पाच तास मात्र तुमचे. ‘सगळं टाका आणि विसरा’ असं सांगणाऱ्या कृती मी कुणाला सुचवत नाही. त्यांच्या फोटोंत चिकनचा रंग बघा, म्हणजे कळेल.

३. चार जणांसाठी प्रमाण आणि कृती एकदा सलग द्याल का?

चामडीसकट ४ फुल लेग (मांडी-तंगडी मिळून साधारण सव्वा किलो), लाल वाईनची ७५० मिलीची एक बाटली, २०० मिली बिनमिठाचा चिकन स्टॉक, १०० ग्रॅम जाड कापलेलं बेकन, एक मोठा कांदा, एक गाजर, ४ लसूण पाकळ्या, एक मोठा चमचा टोमॅटो पेस्ट, थाइमच्या ३-४ काड्या, एक बे लीफ, १५ ते २० छोटे कांदे, २५० ग्रॅम बटण मशरूम, लोणी, मैदा, मिरी.

चिकन कागदाने कोरडं पुसा आणि अगदी हलकं मीठ, मिरपूड लावा. स्टीलच्या जाड बुडाच्या पातेल्यात बेकन मंद आचेवर ठेवा. चरबी सुटून तुकडे कडेने लालसर झाले की काढून घ्या. त्याच चरबीत चिकन चामडीची बाजू खाली करून ठेवा आणि सात-आठ मिनिटं हलवू नका. हात शिवशिवतो, कळतं. पण तुकडा स्वतःहून बूड सोडतो तेव्हाच उलटायचा. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं पुरतात. चारही तुकडे एकदम मावत नसतील तर दोन खेपा करा, दाटीवाटीने ठेवलेलं चिकन परतलं न जाता वाफवलं जातं.

आता कांदा-गाजर परता, मग लसूण, मग टोमॅटो पेस्ट. पेस्टचा भडक लाल रंग विटकरी झाला की वाईन ओता. बुडाला चिकटलेलं सगळं लाकडी चमच्याने खरवडून घ्या, सगळी चव तिथेच आहे. मोठ्या आचेवर वाईन निम्मी होऊ द्या. पातेल्याच्या रुंदीप्रमाणे १५ ते २० मिनिटं लागतात. स्टॉक घाला, एक उकळी आणा आणि हा गरम रस स्लो कुकरमध्ये ओता. त्यावर चिकन, बेकन, थाइम, बे लीफ ठेवा, झाकण लावा आणि ‘लो’वर ४ ते ५ तास सोडून द्या.

शेवटच्या अर्ध्या तासात छोटे कांदे आणि मशरूम गॅसवर वेगळे करून घ्या (प्रश्न ११). चिकन अलगद बाहेर काढा, रस गाळा, वरची चरबी काढा, रस पातेल्यात उकळून दाट करा (प्रश्न १५), आणि मग सगळे परत एकत्र. मिठाची चव या टप्प्यावर बघायची, आधी नाही. बेकनचं मीठ तोवर रसात उतरलेलं असतं.

४. वाईन कुठली घेऊ? नाशिकची चालते का?

चालते. बर्गंडीत पिनो न्वार द्राक्षाची वापरतात, शेजारच्या बोजोलेत गामे द्राक्षाची. दोन्ही हलक्या आणि कमी तुरट. आपल्याकडे नाशिक भागात शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यों जास्त दिसतात. त्यांचा तुरटपणा ग्लासात बरा वाटतो, पण आटवल्यावर तो एकवटतो. म्हणून त्यातली साधी, ओकच्या पिंपात न ठेवलेली बाटली निवडा. ‘रिझर्व्ह’ लिहिलेली महाग बाटली जेवताना प्या, पातेल्यात तिचा मोठेपणा कुणाला कळणार नाही. अकलूजकडची सांजोव्हेजे मिळाली तर ती या कामाला चांगली, कारण ती आंबटसर आहे आणि अंगाने बेताची.

गोव्याची पोर्ट घालू नका. ती गोड असते, आटवल्यावर जवळजवळ सरबताचा पाक होतो. परदेशात ‘कुकिंग वाईन’ म्हणून मीठ घातलेली बाटली मिळते, तीही नको. उघडून तीन-चार दिवस फ्रीजमध्ये राहिलेली वाईन चालते. दोन आठवड्यांची उघडी बाटली व्हिनेगरच्या वाटेवर असते.

५. वाईन लोखंडी कढईत आटवली तर?

नको. वाईनमधली आम्लं आणि तुरटपणा देणारं टॅनिन लोखंडाशी लागतात. रस काळपट पडतो आणि त्याला धातूची चव येते. अ‍ॅल्युमिनियम आणि हिंडालियमचंही तेच, रंग एवढा बिघडत नाही इतकंच. स्टील किंवा इनॅमलचं भांडं घ्या. स्लो कुकरचं चिनी मातीचं भांडं मात्र गॅसवर कधीच ठेवू नका, तडकतं. फ्रीजमधून काढलेल्या गार भांड्यात उकळता रस ओतला तरी तडकतं.

६. ब्रॉयलर घेऊ की गावरान? आणि चिकनवाल्याला काय सांगू?

मूळ पदार्थाच्या जवळ जायचं तर गावरान, त्यातही कोंबडा. स्लो कुकरचा खरा उपयोग तिथेच आहे. चिवट मांसातलं कोलॅजन (मांस बांधून ठेवणारं प्रथिन) हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि रसाला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. ब्रॉयलरमध्ये हे फार कमी. फ्रान्समध्ये ब्रेस भागाच्या कोंबड्यांना १९५७ पासून कायद्याचं संरक्षण आहे, इतकं तिथे जातीला महत्त्व. आपली गावरान त्यांच्यापुढे मान खाली घालणारी नाही.

ब्रॉयलर घेतलीत तर वेळ कमी करा (प्रश्न ७). दुकानात ‘करी कट’ म्हटलंत की संपलं, हाडांच्या कपच्या होतात आणि पाच तासांनी त्या रसातून वेचत बसावं लागतं. ‘फुल लेग, चामडीसकट, अख्खे’ असं स्पष्ट सांगा आणि सुऱ्याकडे लक्ष ठेवा, कारण सवयीने चामडी आधी निघते. चामडी नसेलच तर परतताना एक चमचा लोणी जास्त घाला. पाय आणि मान मागून घ्या, त्यांचा स्टॉक क्यूबच्या स्टॉकपेक्षा कैक पटीने बरा.

७. ‘लो’वर किती तास, ‘हाय’वर किती? कृतींमध्ये ४ पासून १० पर्यंत काहीही लिहिलेलं असतं.

ब्रॉयलरचे लेग ‘लो’वर ४ ते ५ तास, ‘हाय’वर अडीच ते ३. गावरान कोंबडी ‘लो’वर ७ ते ८ तास, मोठा कोंबडा त्याहूनही जास्त घेईल. सुरी हाडाजवळ अडली नाही म्हणजे झालं.

पुष्कळ कुकरमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’ शेवटी उकळीच्या जरा खालच्या, साधारण सारख्याच तापमानाला पोचतात. फरक तिथे किती वेळात पोचतात याचा असतो. त्यामुळे ‘लोवर ठेवलंय, राहू दे अजून दोन तास’ हा हिशेब ब्रॉयलरला लागू पडत नाही. आठ तासांनी मांसाचे दोरे होतात. नवे कुकर जुन्यांपेक्षा जास्त तापतात, तेव्हा पहिल्या वेळी चौथ्या तासाला एकदा तपासा. एकदाच. झाकण उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि ती भरून यायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो.

भांडं अर्ध्यापेक्षा जास्त आणि पाऊणपेक्षा कमी भरलेलं असावं. सहा लिटरच्या कुकरमध्ये दोनच लेग टाकले तर ते ठरल्या वेळेच्या बरेच आधी होतात.

८. घरी सगळ्यांना बोनलेस ब्रेस्टच आवडतं. तेच घातलं तर?

कोरडं होईल. ब्रेस्टमध्ये विरघळायला कोलॅजन जवळजवळ नसतंच, त्यामुळे जास्त वेळ शिजवून काही पदरात पडत नाही, उलट पाणी निघून जातं. अगदीच हवं असेल तर ब्रेस्ट हाडासकट घ्या आणि बाकीचं शिजत आलं की शेवटच्या तासात घाला. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअस झालं की काढा. बोनलेस मांडी मिळत असेल तर प्रश्नच मिटतो, तिला ‘लो’वर तीन-साडेतीन तास पुरे.

९. चिकन वाईनमध्ये रात्रभर मुरवणं गरजेचं आहे का?

ब्रॉयलरला नाही. गावरानला उपयोग होतो, आणि रंग-चव दोन्ही आत जातात. मुरवायचं असेल तर वाईन आधी उकळून, पूर्ण गार करून मग ओता. कच्च्या वाईनमधल्या अल्कोहोलमुळे मांसाचा बाहेरचा थर आखडतो आणि पांढुरका पडतो. काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, फ्रीजमध्ये, १२ तासांपासून एका दिवसापर्यंत. दुसऱ्या दिवशी चिकन गाळून अगदी कोरडं पुसा, नाहीतर परतताना तेल सगळीकडे उडतं आणि चामडीला रंग येत नाही. मुरवणाची वाईन नीट उकळून तीच रसात वापरायची. वर जमणारा करडा फेस काढून टाका.

१०. आमच्याकडे डुक्कर चालत नाही. बेकनऐवजी काय? आणि ज्यांना चालतं त्यांनी गोव्याचं चोरिस (डुकराचं मसालेदार सॉसेज) घातलं तर?

बेकनकडून तीन गोष्टी मिळतात: चरबी, मीठ, धूर. चरबीसाठी लोणी आणि थोडं तेल घ्या, मीठ हाताने. धुराची जागा स्मोक्ड चिकन किंवा टर्की भरून काढते, ते शेवटच्या अर्ध्या तासात घाला. काहीच नसेल तर वगळा आणि मशरूम जरा जास्त घेऊन खरपूस परता, पदार्थ लंगडा पडत नाही. कोळशाची धुंगारी देऊ नका. तिचा वास वाईनला गिळून टाकतो.

चोरिस मला स्वतःला फार आवडतं, पण त्यातलं व्हिनेगर आणि मिरची बाकी कुणाला बोलू देत नाही. ते पावात खा.

उलट बेकन फारच खारट किंवा धुरकट असेल तर तुकडे पाण्यात पाच मिनिटं उकळून, पुसून वापरा. फ्रेंच स्वयंपाकघरात ही नेहमीची पायरी आहे.

११. पाच तासांनंतरही गाजर आणि कांदे करकरीत का राहतात? चिकन तर सुटून आलं होतं.

वाईनच्या आंबटपणामुळे. भाजीच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आम्लात लवकर विरघळत नाही. चिंच आधी घातली की बटाटा शिजायला वेळ लावतो, त्याचं कारण हेच. त्यात स्लो कुकरची आच मंद. रसात घालायचं गाजर म्हणून आधी परतून मऊ करायचं आणि भांड्याच्या तळाशी ठेवायचं.

छोटे कांदे (भाजीवाल्याकडे सांबारचे किंवा मद्रासी कांदे म्हणून मिळतात) वेगळेच करा. मिनिटभर उकळत्या पाण्यात टाकून गार पाण्यात काढले की सालं चिमटीत निघतात. बुडखा पूर्ण कापू नका, पाकळ्या सुटतात. मग लोण्यात सगळ्या बाजूंनी सोनेरी करा, कांदे अर्धे बुडतील एवढं पाणी आणि चिमूटभर साखर घाला, आणि पाणी आटून कांद्यांना चकाकी येईपर्यंत ठेवा. मशरूम दुसऱ्या तव्यावर, मोठ्या आचेवर, मीठ न घालता परता. मीठ आधी पडलं की पाणी सुटतं आणि रंग येत नाही. दोन्ही अगदी शेवटी रसात जातात.

१२. बे लीफ म्हणजे आपलं तमालपत्रच ना? आणि थाइम मिळालं नाही तर ओवा?

तमालपत्र वेगळं. ते दालचिनीच्या कुळातलं, पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या तीन शिरा असतात आणि वास दालचिनी-लवंगेच्या बाजूचा. युरोपातल्या बे लीफला मधोमध एकच ठळक शीर असते आणि वास औषधी, हिरवट असतो. तमालपत्र घातलंत तर रस बिर्याणीकडे वळतो. सुपरमार्केटमध्ये बरण्यांत सुकं बे लीफ मिळतं. नसेल तर काहीच घालू नका.

ओव्याचा आणि थाइमचा मुख्य सुगंधी घटक एकच, थायमॉल. पण ओवा फार तिखट बोलतो: चार जणांच्या रसात चार-पाच दाणे, त्यापेक्षा जास्त नाही. सुकं थाइम असेल तर अर्धा छोटा चमचा पुरे.

१३. आलं-लसूण पेस्ट आणि थोडं लाल तिखट घातलं तर बिघडलं कुठे?

बिघडणार काही नाही, चवदारच होईल. मग त्याला चिकन रस्सा म्हणा आणि वाईनची बाटली वाचवा. लसूण यात आहेच, ठेचलेला. आलं आणि मिरची नाही. तिखटपणा फक्त मिरीचा.

१४. इतर कृतींमध्ये ब्रँडी ओतून पेटवायची पायरी असते. ती वगळली तर चालेल का? मला आगीची भीती वाटते.

खुशाल वगळा. पेटवण्याने अल्कोहोल उडून जातं हा समज आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात पेटवलेल्या पदार्थात सुमारे ७५ टक्के अल्कोहोल उरलेलं दाखवलंय. ब्रँडीची चव हवी असेल तर ५० मिली ब्रँडी वाईनच्या आधी पातेल्यात घाला आणि जवळजवळ कोरडी होईपर्यंत आटवा. पेटवणारच असाल तर आधी गॅस बंद, चिमणी बंद, बाटलीतून थेट ओतायचं नाही, आणि झाकण हाताशी ठेवायचं. स्लो कुकरच्या भांड्यात हा प्रयोग अजिबात नको.

१५. रस पाण्यासारखा राहिला. दाट कसा करू?

आधी आटवा, मग दाट करा. गाळलेला रस गॅसवर उकळून साधारण अर्धा लिटर उरू द्या आणि चव बघा. चव पातळ असताना मैदा घातला तर मिळते ती दाट पण बेचव खळ. चव जमली की ३० ग्रॅम मऊ लोणी आणि ३० ग्रॅम मैदा बोटांनी एकजीव मळा. या गोळ्यातलं सुपारीएवढं एक-एक बोंड उकळत्या रसात सोडून फेटत राहा. चमच्याच्या पाठीवर रस बसला आणि बोटाने ओढलेली रेघ तशीच राहिली की थांबा, गोळा उरला तरी चालेल. नंतर तीन-चार मिनिटं उकळू द्या, म्हणजे मैद्याचा कच्चटपणा जातो.

मैदा चालत नसेल तर दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घाला. रस जरा चकचकीत दिसेल, एवढाच फरक. गावरान कोंबडी आणि पायांचा स्टॉक वापरलात तर यातलं निम्मंच लागेल.

१६. रस कडू-तुरट झाला. वाचवता येईल का?

कशाने कडू झालाय, त्यावर आहे. वाईनच्या तुरटपणाने असेल तर थोडा बिनमिठाचा स्टॉक, एक मोठा चमचा थंड लोणी आणि अर्धा छोटा चमचा साखर, या क्रमाने घालून चव बघत जा. फार आंबट असेल तरीही हाच उपाय. पातेल्याच्या बुडाशी लसूण किंवा टोमॅटो पेस्ट जळली असेल तर मात्र औषध नाही. म्हणून वाईन ओतण्यापूर्वी बूड बघा: तपकिरी असेल तर सोनं, काळं असेल तर पातेलं बदला.

१७. चिकन बाहेरून जांभळं आणि आत पांढरं दिसतंय. कच्चं राहिलं का?

नाही. लाल द्राक्षांचा रंग मांसावर चढतो, आणि न परतलेल्या तुकड्यावर तो जास्त भगभगीत दिसतो. शिजलंय की नाही ते रंगावरून ठरवू नका, हाडाजवळ सुरी घालून बघा. नीट परतलेल्या तुकड्यावर हाच रंग गडद चॉकलेटी होतो. चामडी मात्र कितीही परतली तरी पाच तास रसात राहून मऊच पडते. कुरकुरीत हवी असेल तर वाढण्याआधी तुकडे ओव्हनच्या ग्रिलखाली पाच मिनिटं ठेवा.

१८. लहान मुलांना किंवा गरोदर बाईला दिलं तर चालेल? अल्कोहोल सगळं उडतं ना?

सगळं उडत नाही. त्याच तक्त्यानुसार (प्रश्न १४) अडीच तास उकळल्यावरही सुमारे ५ टक्के उरतं, आणि स्लो कुकरचं झाकण बंद असल्यामुळे वाफेला बाहेर पडायची वाट कमी असते. आधी उघड्या पातेल्यात आटवल्याने बरंच जातं, शून्य होत नाही. ज्यांना धर्माने, औषधांमुळे किंवा गरोदरपणामुळे अल्कोहोल वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी हा पदार्थ करूच नये.

१९. मग वाईन न घालता काय करू? डाळिंबाचा रस चालेल?

डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या रसाने रंग येतो, पण गोडी एवढी येते की ते वेगळंच काहीतरी होतं. त्यापेक्षा वाईन नसलेला फ्रेंच पदार्थच करा: पूल-ओ-पो. अख्खी कोंबडी, गाजर, लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), सलगम, लवंग टोचलेला कांदा आणि पाणी. राजा चौथ्या हेन्रीने प्रत्येक शेतकऱ्याच्या हंडीत रविवारी कोंबडी असावी असं म्हटल्याची आख्यायिका याच पदार्थाशी जोडलेली आहे. स्लो कुकरला तो जास्त सोपा, कारण आटवायचं काहीच नसतं.

२०. व्हाइट वाईन वापरता येते का?

येते, आणि ती तडजोड नाही. फ्रान्सच्या आल्सास भागात रीसलिंग या व्हाइट वाईनमध्ये चिकन करतात आणि शेवटी क्रीम घालतात. क्रीम कुकर बंद केल्यावरच. पाच तास आत राहिलं तर फाटतं. ज्युरा भागात व्हँ जोन नावाच्या पिवळ्या वाईनमध्ये मोरेल मशरूम घालून करतात. मोरेल म्हणजे काश्मीर-हिमाचलातली गुच्छी. भाव ऐकून बसायला खुर्ची लागेल, पण भिजवलेल्या चार-पाच गुच्छ्या पुरतात. नाशिकची शेनँ ब्लाँ घेणार असाल तर लेबल बघा, तिच्यात गोडसर प्रकारही असतात. टोमॅटो पेस्ट यात घालायची नाही.

२१. सकाळी लावून ऑफिसला गेले तर? आणि मध्येच वीज गेली तर?

ब्रॉयलरसाठी नऊ तास फार होतात. टायमर लावून कुकर दुपारी सुरू करायचा विचार असेल तर तो सोडा. कच्चं चिकन आपल्याकडच्या उकाड्यात तासन्‌तास बाहेर ठेवायचं नसतं. वेळ संपल्यावर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा कुकर असेल तर चार तास शिजवणं आणि दोन-तीन तास ‘वॉर्म’ हे जमतं. गावरान असेल तर नऊ तासांचाही प्रश्न येत नाही.

वीज गेली आणि तुम्ही घरी असाल तर सगळं पातेल्यात ओतून गॅसवर पुरं करा. तुम्ही बाहेर होता आणि वीज किती वेळ नव्हती ते कळत नसेल, तर भांडं गरम लागलं तरी टाकून द्या. जीवावर येतं, मान्य आहे. पण ६० अंशांच्या खाली चिकन किती वेळ राहिलं, हे चव घेऊन कळत नाही.

२२. फ्रीझरमधलं चिकन थेट घातलं तर?

नाही. गोठलेलं चिकन मंद आचेवर धोक्याच्या तापमानात फार वेळ रेंगाळतं. आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा. तसंही गोठलेला तुकडा परतता येत नाही, आणि परतल्याशिवाय हा पदार्थ नाही (प्रश्न २).

२३. मुलीने अमेरिकेहून क्रॉकपॉट (तिकडचा स्लो कुकर) आणलाय. इथे प्लग बदलून चालेल का?

चालणार नाही. तिकडची उपकरणं १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. जवळपास दुप्पट व्होल्टेजवर ते चौपटीच्या आसपास वीज खेचेल आणि कॉइल जळेल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो कुकरच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्यावा कारण तो तासन्‌तास चालणार. ट्रान्सफॉर्मरची किंमत ऐकून बरेच जण इथलाच स्लो कुकर घेतात, ते शहाणपणाचं. वीज फार लागत नाही: २०० वॅटचा कुकर पाच तासांत एक युनिट घेतो.

२४. स्लो कुकरच नाही. प्रेशर कुकरमध्ये होईल?

होईल. प्रश्न ३ मधली पहिली पायरी तशीच करा, फक्त वाईन आटवायला कुकरचं भांडं स्टीलचं हवं (प्रश्न ५). ब्रॉयलरच्या लेगना एक शिटी आणि मंद आचेवर ८-१० मिनिटं, गावरानला २५ ते ३०. वाफ आपली आपण जाऊ द्या. मांस मऊ होतं, रसाची चव किंचित कमी मुरलेली लागते. दुसऱ्या दिवशी खाल्लंत तर तोही फरक जाणवत नाही.

२५. शाकाहारी करता येईल? चिकनऐवजी राजमा घालून?

मशरूमचं उत्तम होतं. दीड किलो बटण आणि पोर्टोबेलो मिसळून, खरपूस परतून, ‘लो’वर दोन तास. मशरूम कितीही शिजवलं तरी त्याचा लगदा होत नाही, ते या कामाचं आहे.

राजमा घालणार असाल तर भिजवलेला कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये टाकू नका. त्यातला विषारी लेक्टिन घटक उकळीच्या खालच्या मंद आचेवर नष्ट होत नाही आणि उलट्या-जुलाबांपर्यंत पाळी येते. प्रेशर कुकरमध्ये पूर्ण शिजवून मग घाला. आणि पूर्ण म्हणजे पूर्ण, कारण वाईनमध्ये तो आणखी मऊ होणार नाही (प्रश्न ११).

२६. कशाबरोबर वाढायचं, आणि उरलेलं किती टिकतं?

तिकडे उकडलेले बटाटे, रुंद नूडल्स किंवा लसूण चोळून लोण्यात भाजलेला पाव. भात चालतो. ज्वारीची भाकरी या रसात बुडवून खाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

उरलेलं पसरट डब्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा; कुकरचं जड भांडं तसंच आत सरकवलं तर ते गार व्हायला फार वेळ घेतं. तीन दिवस छान राहतं, दुसऱ्या दिवशी तर जास्त चांगलं लागतं. चरबी वर गोठते, ती चमच्याने उचलून टाका. गरम करायचं ते गॅसवर, वाफा येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये नाही. फ्रीझरमध्ये दोन महिने टिकतं, मशरूम तेवढे रबरासारखे होतात.

चिकन संपून नुसता रस उरला तर बर्गंडीतच त्याची सोय आहे: अंडी ऑं मरेत. रस उथळ पातेल्यात गरम करून थोडा पातळ करा, उकळी न आणता त्यात अंडी फोडून सोडा आणि तीन-चार मिनिटांनी बलक वाहता असतानाच काढा. खाली टोस्ट हवा, वर उरलेलं बेकन.